पाव भाजणाऱ्या समद्यांसाठी

आमच्या आईला देवाशी हळू बोलता येत नसे. तंबाखूच्या वखारीत शे-दीडशे बायकांच्या कलकलाटात दिवसभर पानं निवडून तिचा गळा तयार झालेला. शिवाय देव राहतो वर, लांब, तेव्हा त्याला ऐकू जायचं तर आवाज चढवायलाच हवा, असा तिचा सरळ हिशेब. निपाणीत आमच्या आणि शेजारच्या अंबुबाईच्या घराची भिंत एकच होती, मातीची, आणि तीही आढ्यापर्यंत न पोचलेली. त्यामुळं आई संध्याकाळी देवाला जे सांगायची ते अंबुबाईला आयतं कळायचं, आणि अंबुबाईला कळलं की सकाळपर्यंत सगळ्या गल्लीला.

आईचं नाव गुणाबाई. वडील अंबाजी सुतार, बैलगाड्यांची चाकं करायचे; त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. आजोबांच्या वेळी आमचं घर ख्रिस्ती झालं, पण नावं आणि धंदा तोच राहिला. कुणी आप्पांच्या धंद्यावरून काही बोललं तर आई म्हणायची, "माझ्या प्रभूचाबी धंदा ह्योच. तुमच्या सावकाराचा न्हाय." मोठा भाऊ शामूअण्णा. बाप्तिस्म्याच्या वहीत पाळकसाहेबांनी त्याचं नाव शमुवेल लिहिलं, पण देवळातून घरी आणेपर्यंत आईनं त्याचा शामू करून टाकला होता. मधली मी, मनु. धाकटी जयवंता.

दिवे लागले, भाकऱ्या झाल्या, की जेवणाआधी प्रार्थना. ज्याची त्याची जागा ठरलेली. अण्णा घराच्या मधल्या मेढीला टेकून बसायचा, म्हणजे छपराला आधार दिलेला तो लाकडी खांब. मी धान्याच्या कणगीला टेकून. जयवंता आईच्या मांडीवर. आप्पा मात्र बसत नसत. ज्याची पाळी त्याच्यामागं उभं राहून ते डोक्यावर उजवा हात ठेवायचे. बोलायचं काम आईचं, हाताचं आप्पांचं. आप्पा प्रार्थनेत एक शब्द बोललेले मला आठवत नाहीत. पण त्यांचा हात जड होता, आणि त्याला चाकाच्या वंगणाचा, एरंडेलाचा आणि काजळीचा वास यायचा. धुतला तरी जायचा नाही. अजून कुठं बैलगाडी दिसली की मी उगीच जवळ जाऊन उभी राहते. लोकांना वाटतं, म्हातारीला बैल आवडतात.

आणि आई काय बोलायची? इतरांच्या आया मुलांना बुद्धी दे, आयुष्य दे, असं मागतात. आमची आई आधी तक्रार सांगायची, मग मागणं.

"प्रभू, ही मनु. हिला अक्कल दिलीस, पर त्वांड लई दिलंस. काल अंबुबाईला उलटून बोलली. हिचं त्वांड जरा बारीक कर. आनि हिचा डावा कान दुखतोय, तेवढा बघ."

दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या मी बोटांनी तोंड चाचपून बघितलं होतं, खरंच बारीक झालं की काय. झालं नव्हतं. अजूनही झालेलं नाही, हे मला ओळखणारे सांगतीलच. कान मात्र दुखायचा राहिला.

आईनं आम्हाला कधी मारलं नाही. गरजच काय? कणगीतला गूळ खाल्ला, पाटी फोडली, जयवंताला चिमटा काढला, सगळं संध्याकाळी नावानिशी वर जायचं आणि सकाळी गल्लीत यायचं. मी शाळेत पोचायच्या आत माझी पापं शाळेत पोचलेली असत. पोरी मला खिजवायच्या, "प्रभू, ही मनु!" मला आईचा संताप संताप यायचा. आज मात्र कुणी माझ्याविषयी देवाकडं इतक्या बारकाईनं तक्रार करत नाही, आणि त्याचं फार वाईट वाटतं. आपलं इतकं सगळं ठाऊक असलेलं माणूस एकदाच मिळतं, आणि तेव्हा आपण त्याच्यावर चिडलेले असतो.

हे सगळं बिघडलं ते छत्तीस साली, एकाच संध्याकाळी.

अण्णा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. संकेश्वरच्या शाळेत मास्तराची जागा निघाली होती. अण्णानं अर्ज केला, आणि गावोगावच्या शाळा बघणारे जोतिबा मास्तर बेळगावहून परत जाताना आमच्याकडं उतरले. पोरगं कसं आहे, घर कसं आहे, हे बघावं म्हणून. जागा जवळजवळ अण्णाचीच होती. आईनं सकाळी जमीन सारवली, अंबुबाईकडून दोन पितळी ताटं आणली, मटण केलं. सुताराचं पोर मास्तर होणार म्हणून ती दिवसभर जमिनीवर नव्हती.

दिवे लागले. मास्तर कोट काढून पाटावर बसले. आईनं डोळे मिटले. आप्पांनी अण्णाच्या डोक्यावर हात ठेवला. मी मनात म्हटलं, आज तरी हळू बोल गं बाई.

"प्रभू, ह्यो शामू," आई मोठ्यानं म्हणाली. "आज ह्येला मास्तर बघायला आल्यात. लई कष्टाचं पोर हाय. अकरा वर्साचा हुईपतुर हातरुणात मुतायचा, त्ये तू थांबवलंस."

मास्तरांचे खांदे हसण्यानं हलायला लागले. अण्णाचे कान लाल झाले. आईचे डोळे मिटलेले.

"आनि सातवीच्या फायनलला पयल्या खेपेला नापास झाला, तवा घरात सांगितलं की परीक्षाच झाली न्हाय. त्येबी तू माफ केलंस. दुसऱ्या खेपेला पास केलंस. तसंच आताबी पास कर. आमेन."

मास्तरांचे खांदे थांबले.

अण्णानं अर्जात लिहून दिलं होतं की तो पहिल्याच खेपेला पास झाला. हे आईला माहीत नव्हतं. ती बिचारी देवाला त्याच्या उपकारांची आठवण करून देत होती. मास्तर जेवले, मटणाची तारीफ केली, हात धुतले, आणि निघताना आप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगं नापास झालं ह्येचं काय न्हाय, अंबाजी. मीबी झालतो. पर त्येनं लिहून दिलंय दुसरंच. आता मी डोळंझाक केली तर उद्या वर्गात काय शिकवंल त्यो?" पंधरा दिवसांत चिकोडीकडच्या कुणाची तरी त्या जागेवर नेमणूक झाली.

अण्णा आरडाओरडा करणारा नव्हता. नेमणुकीचं कळलं त्या दिवशी तो चुलीपुढं आला आणि आईसमोर उभा राहिला. त्याचा आवाज मी तसा आधी कधी ऐकला नव्हता.

"आजपासनं माझं नाव घ्याचं न्हाय. माणसांम्होरं न्हाय, देवाम्होरंबी न्हाय. शब्द दे."

आईनं त्याच्याकडं बघितलं. तिच्या हातात भाकरीचं पीठ होतं. "दिला," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं अण्णा बेळगावला गेला आणि कॅम्पातल्या एका पावाच्या भट्टीत कामाला लागला.

त्या संध्याकाळी अण्णाची पाळी आली तेव्हा आईनं तोंड उघडलं, आणि मिटलं. मग ती म्हणाली, "प्रभू, ही मनु." मी एक डोळा किलकिला करून बघितलं. आप्पा त्यांच्या नेहमीच्या जागी उभे होते आणि त्यांचा हात मेढीवर होता, जिथं अण्णाचं डोकं टेकायचं तिथं. शब्द आईनं दिला होता, आप्पांनी दिला नव्हता.

मी आईला म्हटलं, "मनातल्या मनात तरी घे की नाव. अण्णाला काय कळतंय?"

"मनातलं देवाला ऐकू येत न्हाय व्हय?" आई म्हणाली. "देवाम्होरंबी न्हाय असं म्हनलाय त्यो. मग मनात तरी कसं घ्याचं?"

म्हणजे मनातलं देवाला ऐकू येतं, हे तिला ठाऊक होतं. मग आमची इतकी वर्षं धुणी गल्लीत का वाळत घातलीस, असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण तिचा चेहरा बघून मी विचारलं नाही.

चार-पाच दिवस तिनं तसेच काढले. जेवण जात नव्हतं तिला. आणि सहाव्या संध्याकाळी, माझ्या पाळीच्या आधी, खडखडीत आवाजात ती म्हणाली, "प्रभू, ह्या जगात जे कुनी पाव भाजत्यात त्या समद्यांना सांभाळ. भट्टीम्होरं त्येंचं हात भाजू देऊ नगंस."

भिंतीपलीकडं अंबुबाईचा तवा वाजायचा थांबला. सकाळी ती दारात हजर. "गुणाबाई, तुमच्या देवाला पाव लई आवडतोय काय गं?"

तेव्हापासून आमच्या घरात रोज जगभरच्या पाव भाजणाऱ्यांसाठी प्रार्थना होऊ लागली. अण्णाचं पत्र यायचं ते आप्पांच्या नावानं, चार ओळींचं, आणि वाचायची मी. खोकला झालाय असं त्यानं लिहिलं की जगातल्या सगळ्या पाव भाजणाऱ्यांचा खोकला बरा करावा, असं मागणं व्हायचं. त्याचं मालुबाईशी लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांना गुणी बायका मिळाव्यात, असं. पुढं लढाई सुरू झाली, फौजेच्या भट्टीबरोबर अण्णा जहाजानं मिसरला, म्हणजे इजिप्तला गेला, आणि आईची प्रार्थना बारीक बारीक होत गेली. "जे पाव भाजत्यात, आनि जहाजानं गेल्यात, आनि ज्येंच्या उजव्या भुवईवर विळा लागल्याचा वण हाय, त्या समद्यांना." त्या समद्यांत एकच माणूस मावत होता. मला आधी हसू यायचं आणि मग हुंदका. आप्पांचा हात तेवढा वेळ मेढीवर.

एक गोष्ट मात्र माझ्या फार उशिरा ध्यानात आली. त्या पाव भाजणाऱ्यांची आईनं कधी तक्रार सांगितली नाही. माझं उद्धट तोंड, जयवंताचा आळस, सगळं रोज वर जात होतं. पण त्यांच्यासाठी नुसतं मागणं. मला वाटायचं, अण्णाची माफी मागावी म्हणून ती तसं करते.

त्या अकरा वर्षांत अण्णा दोनदाच निपाणीला आला. एकदा जयवंताच्या लग्नाला, एकदा लढाईवरून परत आल्यावर. दोन्ही वेळा दुपारी चारच्या मोटारीनं परत. दिवे लागायच्या आत. आई त्याला थांब म्हणाली नाही. भाजलेल्या शेंगांचं गाठोडं त्याच्या हातात द्यायची आणि मोटार वळणाआड जाईपर्यंत उभी राहायची. मला दोघांचाही राग यायचा. तेव्हा मी शाळेत शिकवत होते, शहाणी झाले होते, निदान मला तसं वाटत होतं. मी आईला म्हटलं, "तू सरळ सांग की त्येला, शब्द परत घे म्हणून."

"त्येनं मागून घेतलाय, त्येनंच सोडाय पायजे," ती म्हणाली. "मी मागिटला तर त्यो भीक म्हणून दील."

तोपर्यंत तंबाखूच्या धुळीनं तिची छाती धरली होती. सेहेचाळीस साली वखार सुटली. मग आवाज बसला, तो बसलाच. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "ह्यांना आता लई बोलायला लावू नका, गळा राहिला नाही." संध्याकाळची प्रार्थना कुजबुजीवर आली. अंबुबाईची फार अडचण झाली. सकाळी ती मला अडवून विचारायची, "काल आई काय म्हनली गं? तुज्या लग्नाचं कुठवर आलं?" मी मात्र रात्रंदिवस एकच गोष्ट मनात धरून होते. आईचा उरलेला आवाजही जाईल, आणि अण्णाचं नाव तिच्या गळ्यातच राहील.

सत्तेचाळीसच्या मे महिन्यात अण्णा आला. बरोबर मालुबाई आणि तीन वर्षांची पोर. नेहमीप्रमाणं चारच्या मोटारीनं जायचं ठरलेलं. पण तीन वाजता पोरीचं अंग तापलं. मालुबाई मोजकं बोलणारी होती. तिनं पोरीच्या कपाळावर हात ठेवला आणि अण्णाला सांगितलं, "आज न्हाय जायाचं."

अण्णा बाहेर गेला, आप्पांच्या अर्धवट चाकाजवळ उभा राहिला, परत आत आला. चार वाजले, मोटार गेली. दिवे लागले. पोर झोपली होती. आईनं भाकऱ्या झाकून ठेवल्या आणि नेहमीच्या जागी बसली. अण्णा कुठं बसावं ते न कळून घुटमळला, आणि शेवटी मेढीला टेकून बसला. जागा तीच होती, दुसरी त्याची कुठली?

डोकं टेकलं आणि त्यानं मान वळवली. मेढीवर हात फिरवला. बाकी लाकूड खरखरीत, आणि तेवढी एक जागा काळी, गुळगुळीत.

"मनु, हितं काय लागलंय?"

"वंगण," मी म्हटलं.

"मेढीला वंगण कशाला?"

"आप्पांचा हात हाय त्यो. रोजचा. तू गेल्यापासनं."

अण्णानं वर बघितलं. आप्पा मागं उभे होते आणि सवयीनं मेढीकडं गेलेला हात त्यांनी अर्ध्यावर थांबवला होता. तेवढ्यात आईनं डोळे मिटले आणि तिची कुजबूज सुरू झाली. "प्रभू, ह्या जगात जे कुनी पाव भाजत्यात, आनि जहाजानं जाऊन सुखरूप माघारी आल्यात, आनि ज्येंच्या उजव्या भुवईवर वण हाय, त्या समद्यांच्या पोरींचा ताप उतरव."

मालुबाईनं डोळे उघडून नवऱ्याच्या भुवईकडं बघितलं. अण्णा हललाच नाही.

"प्रभू, ही मनु."

"आई," अण्णा म्हणाला. "माझं राहिलं."

प्रार्थनेच्या मध्येच आईनं डोळे उघडलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. "झालं की रं तुजं."

"त्ये समद्यांचं झालं. माझं राहिलंय. नावानं."

"शब्द हाय."

"सोडला," अण्णा म्हणाला.

आईनं पदर नीट केला. डोळे मिटले. आप्पांनी हात खाली आणला आणि या खेपेला तो लाकडावर नाही, अण्णाच्या डोक्यावर ठेवला.

"प्रभू, ह्यो शामू."

आणि ती थांबली. आम्ही वाट बघत राहिलो. आधी तक्रार, मग मागणं, ही रीत. तिचे ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता. मला वाटलं, गळा गेला.

"ह्यो शामू," ती पुन्हा म्हणाली. "प्रभू, ह्येचं मला कायबी म्हाईत न्हाय. अकरा वर्सं झाली. ह्यो कुटं चुकतोय, ह्येला काय दुखतंय, रातचं झोपतोय का न्हाय, कायबी ठावं न्हाय मला. तुला सांगाय माझ्याजवळ कायसुदिक न्हाय."

आणि माझी आई, जिच्याजवळ देवाला सांगायला कायम काहीतरी असायचं, ती रडायला लागली. तेव्हा मला कळलं की त्या पाव भाजणाऱ्यांची तक्रार का होत नव्हती. माफी म्हणून नव्हे. ती तक्रार करायला तिला त्याचं काही कळतच नव्हतं.

मग अण्णानं डोळे मिटले.

"बिडी वडतोय," तो म्हणाला.

आईनं नाक पुसलं. "बिडी वडतोय, प्रभू."

"रातचं झोप न्हाय. तिकडं भट्टीवर बाँब पडलता, त्येचा आवाज येतोय अजून."

"झोप न्हाय, प्रभू. त्यो आवाज काढ ह्येच्या कानातनं."

"मालूवर हात उगारला येकदा."

"दोनदा," मालुबाई म्हणाली. तिनं डोळेही उघडले नाहीत.

"दोनदा, प्रभू," आईची कुजबूज कडक झाली. "ह्येचा हात धर."

"आनि मास्तरला मी खोटं लिहून दिलतं. तुझ्या प्रार्थनेनं न्हाय बिघडलं, आई. माझ्यानं बिघडलं. मला तवाबी ठावं हुतं."

हे आईनं देवाकडं वर पाठवलं नाही, स्वतःजवळच ठेवलं. आप्पांचा हात अण्णाच्या केसांत तसाच होता, जड, वंगणाचा.

तेवढ्यात भिंतीपलीकडून अंबुबाईचा आवाज आला. कधीची ती भिंतीला कान लावून बसली होती देव जाणे, आणि आता तिला राहवलं नव्हतं. "गुणाबाई, कोन हाय गं त्यो? शामू व्हय? जरा मोठ्यानं म्हणा की, हिकडं कायबी ऐकू येत न्हाय!"

मी जिभेवर आलेलं गिळलं. जयवंता असती तर मोठ्यानं हसली असती. आप्पांनी भिंतीकडं बघितलं, आईनं अण्णाकडं.

अण्णानं डोळे मिटलेलेच ठेवले, मान भिंतीकडं वळवली, आणि पहिल्यापासून, बिडीपासून, सगळं मोठ्यानं सांगायला लागला.